बाईसाहेबांच्या रानाचे चार टॅग

मामंजी,

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात एका मुलीनं माझ्या डोळ्यांत औषध घातलं, दिवा मारून बघितलं आणि म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. मी लगेच म्हटलं, छे, मला सगळं नीट दिसतं. म्हणताना मला तुमचाच आवाज ऐकू आला. खरं तर गेलं वर्षभर मला बसचा नंबर वाचता येत नाही. ड्रायव्हरला विचारते आणि घरी येऊन मुलाला सांगते की वाचला. यात आपण खोटं बोलतोय असं वाटतसुद्धा नाही हो. समोरून काय येणार ते आपल्याला ठाऊक असतं, आणि जे ठाऊक असतं तेच दिसलं असं वाटतं. दवाखान्यातून परत येताना ठरवलं, तुम्हाला लिहायचं. तुम्ही जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, पण लिहिलेली पत्रं न टाकण्याची मला सवय आहे. ते पुढे येईलच.

लग्न करून मी कॉव्हेंट्रीला आले ती त्र्याऐंशी साली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. तुमचा मुलगा तेव्हा बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता. हे सोमवारी पहाटे घर सोडायचे ते शुक्रवारी जेवणाच्या वेळी उगवायचे. म्हणजे आठवडाभर त्या घरात आपण दोघंच, एकमेकांना न ओळखणारी. तुमचा मोटारींचा कारखाना बंद होऊन वर्ष झालं होतं. वीस वर्षं लाइनवर उभा राहिलेला माणूस किचनमधल्या खुर्चीत बसून मी कांदा कसा चिरते ते बघत राहायचा, आणि मला वाटायचं, यांना माझं काहीच पटत नाही. कारखान्याबरोबर तिथला क्लबही गेला होता. क्लबाच्या तळघरात तुम्ही दर गुरुवारी लहान रायफलीनं कागदावर नेम धरायचात. त्यातले तीन कप टीव्हीवर मांडलेले असायचे. एकदा मी ते पुसत असताना तुम्ही म्हणालात, "कागद मारून मारून कंटाळा आला होता खरं. पण आता त्यो बी नाही." तुम्ही माझ्याशी आपण होऊन बोललेलं ते बहुतेक पहिलं वाक्य.

मग एक दिवस विचारलंत, "सूनबाई, टायपिंग येतं म्हणं तुला?" मी देवगडला असताना टायपिंगची परीक्षा दिली होती, दोन वर्षं एका वकिलाकडे कामही केलं होतं. म्हटलं, येतं. "मग एक पत्र टाइप कर. जमिनीच्या मालकाला." मला वाटलं कोल्हापूरकडच्या शेतीची काही भानगड असेल. तेव्हा तुम्ही मला समजावून सांगितलंत, अगदी शाळेत सांगावं तसं. या देशात रानातलं हरीण कुणाचंच नसतं. पण ते ज्या जमिनीवर उभं असतं ती कुणाची तरी असते, आणि त्या मालकानं हो म्हटल्याशिवाय कुणी त्याच्याकडे बंदुकीची नळी करायची नाही. मोठ्या रायफलीचं सर्टिफिकेट पोलीस देतात, पण ते आधी विचारतात, मारणार कुठे? मालकाचं पत्र दाखवा. आणि मालक विचारतात, सर्टिफिकेट आहे का? मी म्हटलं, मग हे सुरू कुठून व्हायचं? तुम्ही म्हणालात, "इचारण्यापासनं. दुसरं काय?"

आपण अकरा पत्रं पाठवली. तुम्ही नकाशावर रानं शोधायचात, मी मालकांचे पत्ते लायब्ररीतून काढायची. पत्राचा मसुदा माझा. वकिलाकडे शिकले होते तसा: आदरणीय महोदय, अत्यंत नम्रपणे विनंती करण्यात येते की, आपल्या कृपेने, आपला आज्ञाधारक, सगळं इंग्रजीत. तुम्हाला तो फार आवडला. शुक्रवारी ह्यांनी एक प्रत वाचली आणि हसून हसून सोफ्यावर आडवे झाले. "डॅड, नोबडी राइट्स लाइक दिस! जॉर्ज द फिफ्थला लिहिलंय की काय?" अकरापैकी दोघांनी नाही म्हणून कळवलं, आठ जणांनी उत्तरच दिलं नाही. आणि एक पोस्टकार्ड आलं, निळ्या शाईचं, वाकड्या अक्षरातलं. त्यात एवढंच होतं की शनिवारी अकरा वाजता या, मागच्या दारानं या, पुढचं दार उघडत नाही.

तुम्ही टाय लावलात. मी म्हटलं, मामंजी, शेतावर जायचंय. तर म्हणालात, "ज्याला मागायचं हाय त्यानं टाय लावून जावं." मागच्या दारातून आपण त्या किचनमध्ये शिरलो. दगडी फरशी, लोखंडी चूल, चुलीपाशी दोन ओले कुत्रे आणि टेबलावर गुडघ्यापर्यंतचे बूट ठेवून ते पुसत बसलेली एक सत्तरीची बाई, मुलाचा जुना स्वेटर घातलेली. पाचशे एकरांची मालकीण. तुम्ही तिला तिथल्या तिथे बाईसाहेब करून टाकलंत आणि आपल्या घरात तिचं दुसरं नाव कधी चाललंच नाही. ती बसा म्हणाली. तुम्ही टोपी हातात धरून उभेच राहिलात. मग तिनं सांगितलं की बाकीचे लोक फोन करतात आणि म्हणतात, तुमच्याकडे हरणं फार झालीत, आम्ही येऊन बंदोबस्त करतो. जणू माझ्यावरच उपकार. "तुमचं पत्र असं होतं की ज्यात मला खरंच काहीतरी विचारलेलं होतं," ती म्हणाली. मी ह्यांना घरी आल्यावर हे दोनदा ऐकवलं.

तिच्या अटी तिनं त्याच दिवशी सांगितल्या. रानात किती हरणं ठेवायची, किती कमी करायची हे दर वर्षी ती आणि तिचा जंगल राखणारा म्हातारा मिळून ठरवायचे, आणि तेवढे टॅग काढायचे. टॅग म्हणजे पिवळ्या प्लॅस्टिकची पट्टी, वर नंबर. मारलेल्या हरणाच्या मागच्या पायाला ती बांधल्याशिवाय हरीण रानाबाहेर न्यायचं नाही. तुम्हाला चार टॅग. आणि शेवटची अट: परवानगी एका हिवाळ्यापुरती. तिच्या नवऱ्यानं लोकांना जन्मभराच्या परवानग्या देऊन ठेवल्या होत्या, त्या लोकांना हाकलता हाकलता तिचे केस पांढरे झाले. म्हणून आता ज्याला हवं त्यानं दर ऑगस्टमध्ये नव्यानं विचारायचं, लेखी. न विचारता ती कुणालाही देणार नाही, कितीही ओळख असली तरी. तुम्ही मान हलवलीत आणि गाडीत बसल्यावर म्हणालात, "बाई सरळ हाय." तुमच्या तोंडी यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

त्या पत्रावर सर्टिफिकेट झालं. पोलीस घरी येऊन भिंतीतलं रायफलीचं लोखंडी कपाट हलवून बघून गेला, चहा पिऊन आणि चार चकल्या खाऊन गेला. तोवर तुमचा उजवा गुडघा कामातून गेला होता, म्हणून बंद कारखान्याच्या मोकळ्या कार पार्कात तुम्ही मला गाडी शिकवलीत. "क्लच सोड. हळू. आगं हळू म्हंजे किती हळू!" ह्यांनी नेलं असतं तुम्हाला, पण तुम्हाला ते नको होते. "त्यो गाडीत रेडिओ लावतो." तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर शनिवारी मी. तुम्ही रानात शिरायचात, मी गेटपाशी गाडीत विणकाम घेऊन बसायची. काचा धुक्यानं भरायच्या, इंजिन चालू ठेवायची परवानगी नव्हती. मला त्याचं काही वाटायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. पहिल्याच शनिवारी मी गाडीचं दार धाडकन लावलं. तुम्ही वळून बघितलंत आणि रायफल तशीच मागे ठेवून गाडीत येऊन बसलात. मी गाडी वळवून घरी आणली. किचनमध्ये आल्यावर म्हणालात, "हरणाला कान असत्यात, सूनबाई," आणि वर निघून गेलात. मी त्या दिवशी भांडी घासताना रडले, ते तुम्हाला माहीत नाही. पुढच्या शुक्रवारी किचनच्या दारात हिरव्या रबरी बुटांची जोडी होती, माझ्या मापाची. माझं माप तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. ते बूट अजून आहेत.

पहिली मादी तुम्ही जानेवारीत मारलीत. मी एक आवाज ऐकला, मग बराच वेळ काही नाही, मग तुम्ही झाडीच्या कडेला येऊन हात केलात. चितळासारखीच ठिपक्यांची जात ती, पण थंडीत ठिपके जातात आणि अंग राखी होतं. ती पानांवर कुशीला पडली होती. तुम्ही टोपी काढून उभे होतात. मग गुडघ्यावर बसायचा प्रयत्न केलात, जमेना, म्हणून टॅग माझ्याकडे दिलात आणि कुठून ओवायचा ते दाखवलंत. मी तो मागच्या पायाला ओवला. तुम्ही म्हणालात, "नंबर वाच." मी वाचला. "त्यो नंबर बाईसाहेबांच्या वहीत माझ्या नावावर हाय." परत येताना गाडीत तुम्ही पहिल्यांदा तुमच्या वडिलांचं सांगितलंत. राधानगरीच्या रानात संस्थानच्या शिकारी व्हायच्या, तेव्हा गावातले लोक हाक्याला नेत. तुमचे वडील जन्मभर हाकारे. पत्र्याचे डबे बडवत, काट्यांतून, पडत-धडपडत सांबर पुढे काढायचं, आणि गोळी पलीकडे मचाणावर बसलेल्याची. एकदा एका पाहुण्यानं वडिलांना विचारलं, नेम कसा होता? वडील म्हणाले, उत्तम. त्यांनी नेम बघितलाच नव्हता, ते झुडपात तोंड खुपसून पडले होते. हे सांगताना तुम्ही हसत होतात. मग हसणं थांबलं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बापाला ह्यो नंबर दाखवायला पायजे होता."

मांडीचं मटण मी आमच्याकडच्यासारखं ओल्या खोबऱ्यात केलं. तुम्ही एक घास खाऊन वाटीकडे बघत राहिलात. "हरणात खोबरं?" पुढच्या खेपेला तुम्हीच उभं राहून कांदा-लसूण मसाल्यात केलंत, घरभर धूर, स्मोक अलार्म बोंबलतोय, आणि हे शेजाऱ्यांची माफी मागायला बाहेर. त्यातला डबा आपण बाईसाहेबांना नेला. तिनं उभ्या उभ्या चमच्यानं खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि डबा रिकामा करूनच परत दिला. तिसऱ्या वर्षी तुम्ही त्या किचनमध्ये खुर्चीवर बसलात. मला चांगलं आठवतं, कारण तिचं आणि माझं लक्ष एकाच वेळी गेलं आणि दोघींनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

अशी दहा वर्षं गेली. ऑगस्ट आला की तुम्ही टाइपरायटर टेबलावर आणून ठेवायचात. मजकूर तोच, आदरणीय महोदयापासून आज्ञाधारकापर्यंत, एक शब्द बदलू द्यायचा नाहीत. आठवड्याभरात निळ्या शाईचं पोस्टकार्ड यायचं. ऑक्टोबरात चकलीचा डबा घेऊन जायचं, टॅग घेऊन यायचं. तुम्ही दोघं फारसं बोलत नव्हतात. ती कुत्र्यांचं सांगायची, तुम्ही गुडघ्याचं. कधी कधी अर्धा तास नुसती घड्याळाची टिकटिक. माझा मुलगा झाला, चालायला लागला, शाळेत गेला. तिचा जंगल राखणारा म्हातारा वारला आणि तिनं दुसरा ठेवला नाही. "आता तुम्हीच आहात," ती तुम्हाला म्हणाली. ते वाक्य तुम्ही महिनाभर अंगावर घालून फिरत होतात.

आता चौऱ्याण्णवचा जानेवारी. दुपारचे तीन, पण उजेड उतरायला लागलेला. त्या दिवशी गाडीत बसवेना इतकी थंडी होती, म्हणून मी तुमच्यासाठी थर्मास घेऊन मचाणावर चढले. झाडाला टेकलेली लाकडी शिडी आणि वर दोघांपुरती फळी. इथले लोक त्याला हाय-सीट म्हणायचे, पण आपल्या दोघांत ते मचाणच. आपण चहा प्यायलो. मग तुम्ही हातानं मला गप्प केलंत आणि दुर्बीण लावलीत. "मादी हाय. खाली बसलीया," कुजबुजलात. दुर्बीण ठेवलीत आणि रायफल खांद्याला लावलीत. मी तुमच्या नळीच्या रेषेत बघितलं. ओढ्याकडेच्या वाळलेल्या नेच्यांत तपकिरी काहीतरी होतं. ते हललं, आणि मला एक हात दिसला. तपकिरी कोट घातलेल्या बाईसाहेब वाकून कुत्र्याच्या पट्ट्यात अडकलेली फांदी सोडवत होत्या. मी तुमच्या दंडावर हात ठेवला आणि म्हटलं, "मामंजी, ती बाई आहे." तुम्ही काही क्षण तसेच राहिलात. मग रायफल खाली घेतलीत, गोळ्या काढून खिशात टाकल्यात. एक खाली पडली, ती आपल्याला मिळाली नाही. "ठावं हाय मला," तुम्ही म्हणालात. "बघत होतो नुसतं."

तुमचं बोट कुठे होतं ते मी बघितलं नाही. इतकी वर्षं मी तो क्षण आठवायचा प्रयत्न करते, पण मला फक्त तो हात दिसतो, पांढरा, हातमोज्याशिवायचा. बाईसाहेबांना काही कळलं नाही. कुत्रा पळाला म्हणून शिरल्या असतील, नाहीतर शनिवारी त्या रानात पाऊल टाकायच्या नाहीत. घरी येताना मी म्हटलं, डोळे दाखवून येऊ या. तुम्ही म्हणालात, "माझ्या डोळ्यांला काय झालंय?" तुम्ही गेले काही महिने टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढत होतात, ते मला दिसत होतं. पण मी पुन्हा बोलले नाही. ह्यांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे पोलिसांना फोन करतील याची मला खात्री होती, आणि करायलाही हवा होता. राहिलेले दोन टॅग तुम्ही त्या वर्षी न वापरता परत केलेत. थंडी फार आहे म्हणालात.

मला वाटलं, आता तुम्ही आपण होऊन थांबाल. पण ऑगस्ट आला आणि टाइपरायटर टेबलावर. मी नेहमीचा मजकूर टाइप केला. तुम्ही सही केलीत, ती ओळ सोडून खाली उतरली होती. मी तिकीट लावलं, फर्स्ट क्लासचं, दुसऱ्याच दिवशी पोचणारं. म्हणजे घरातून निघताना ते टाकायचाच माझा विचार असावा. कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी उभी राहिले, पाकीट फटीत अर्धं घातलं, आणि काढून पर्समध्ये ठेवलं. परत आले तर तुम्ही विचारलंत, "टाकलंस?" मी म्हटलं, "टाकलं."

मग तुम्ही वाट बघू लागलात. सकाळी पोस्ट दारातून चटईवर पडायची, तिथवर तुम्ही माझ्या आधी पोचायचात. गॅसचं बिल, पिझ्झाचा कागद, शाळेचं पत्र. सप्टेंबर संपला. हे म्हणाले, "डॅड, जस्ट गिव्ह हर अ रिंग! पोस्टात हरवलं असेल." तुम्ही म्हणालात, "दोनदा इचारायचं नसतं. बाईनं उत्तर दिलं नाही, हेच उत्तर." ऑक्टोबरात मी चकल्या केल्या नाहीत. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, तिनं दुसरा कुणी तरणा बघितला असंल, बरोबरच हाय, आणि भाकरीचा तुकडा ताटात तसाच राहिला. मला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी आमटी वाढली. नवीन वर्षात सर्टिफिकेटची मुदत संपली. पोलिसांनी जमिनीचं पत्र मागितलं, ते नव्हतं. तुम्ही रायफल तेल लावून पुसलीत आणि दुकानदाराकडे देऊन आलात. लोखंडी कपाटात मी नंतर डाळी ठेवायला लागले.

रायफल गेल्यावर तुम्ही डोळे दाखवायला तयार झालात. आता कुणाला काय फरक पडतोय, म्हणालात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पंच्याण्णवच्या जुलैत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि पट्टी काढली त्या संध्याकाळी तुम्ही बागेत उभे राहून पलीकडच्या घराच्या कौलावरचा पक्षी मला ओळखून दाखवलात. पेपरातली बारीक अक्षरं वाचायला लागलात. माझ्या कानापाशी पांढरे केस आलेत हेही तुम्हीच सांगितलंत. मग ऑगस्ट आला. मी खाली आले तर टाइपरायटर टेबलावर होता. तुम्ही त्यावरची धूळ रुमालानं पुसत होतात. कागद लावलेला नव्हता. "ऑगस्ट आला," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "चहा टाकते." चहा होईस्तोवर तुम्ही तो परत कपाटावर ठेवून आला होतात.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत तुम्ही गेलात, झोपेत. मी बाईसाहेबांना दोन ओळी कळवल्या, साध्या इंग्रजीत. आठवड्यानं ती स्वतः कॉव्हेंट्रीला आली, ऐंशी ओलांडलेली, स्वतः गाडी चालवत. किचनमध्ये तुमच्या खुर्चीत बसली आणि एक तपकिरी पाकीट टेबलावर ठेवलं. आत बारा टॅग होते. चौऱ्याण्णवचे चार, पंच्याण्णवचे चार, शहाण्णवचे चार. प्रत्येकाला तुमच्या नावाची चिठ्ठी. "दर वर्षी काढून ठेवले," ती म्हणाली. "त्यांचं पत्र आलं नाही. न विचारता पाठवायचे कसे? त्यांना आवडलं नसतं." मग कप बशीत ठेवून तिनं विचारलं, "माझं काही चुकलं होतं का?" मी म्हटलं, नाही, त्यांचे डोळे गेले होते. ती म्हणाली, "मग तसं सांगायचं. माझ्या किचनमध्ये बसायला टॅग लागत नव्हता." मी तिला चकल्या बांधून दिल्या. दारापर्यंत सोडायला गेले तेव्हाही सांगता आलं असतं. पुढच्या वर्षी तीही गेली.

तेव्हा हे असं आहे, मामंजी. तुम्ही समजत होतात तिनं तुम्हाला टाकलं, ती समजत होती तुम्ही तिला टाकलंत, आणि मध्ये मी, पर्समध्ये फर्स्ट क्लासचं तिकीट लावलेलं पत्र घेऊन. ते पत्र अजून आहे, त्याच तपकिरी पाकिटात, टॅगांबरोबर. हेही तिथेच ठेवीन. इतकी वर्षं मी स्वतःला एकच सांगत आले की मी एका माणसाचा जीव वाचवला आणि तुम्हाला तुरुंगापासून. चौऱ्याण्णवपुरतं ते खरं आहे, आणि त्याबद्दल मी तुमची माफी मागणार नाही. पण पंच्याण्णवच्या ऑगस्टात तुमचे डोळे लख्ख होते. मला बोलायला एक मिनिट आणि नवं पत्र टाइप करायला दहा मिनिटं लागली असती. हे आठवड्यातले दोनच दिवस घरी असायचे, त्यातला एक मी दहा हिवाळे तुमच्या गेटपाशी गाडीत बसून काढला होता. आदल्या हिवाळ्यात पहिल्यांदा मला शनिवार मिळाले. नऊपर्यंत झोपायचं, खालून ह्यांच्या आणि मुलाच्या हसण्याचा आवाज ऐकत पडून राहायचं. ते शनिवार मला परत द्यायचे नव्हते.